अकरावी चांदणी

९ फेब्रुवारी

प्रिय अक्का,

तुझं पत्र येऊन महिना झाला. दुकानात गर्दी होती असं लिहिणार होते, पण माझ्या थापा तुला लहानपणापासून कळतात. खरं म्हणजे काय लिहू आणि काय नको, ते ठरत नव्हतं. आता लिहूनच टाकते.

माझ्या चष्म्याच्या दुकानासमोर ती जुनी बसगाड्यांची शेड होती ना, मी तुला फोटो पाठवला होता, तिथे आता संग्रहालय झालंय. विमानांचं. मागच्या महिन्यात त्यांनी लढाईतलं एक विमान आणलं, पंख सुटे करून दोन ट्रकवर घालून. ते पुन्हा जोडत होते तेव्हा अर्धा रस्ता बघायला उभा. त्याचं नाव घार. नाकावर पांढऱ्या चांदण्या रंगवल्यात, पंधरा. एक विमान पाडलं की एक चांदणी. जगात एका विमानाच्या नावावर याहून जास्त विजय नाहीत, अशी मोठी पाटी लावली आहे. आळीपाळीनं चालवणारे तीन जण होते, त्यामुळे विमानाचा आकडा कुठल्याच माणसापेक्षा मोठा. शेपटीवर नऊ आकडा आहे, बरोबर माझ्या दारासमोर. सकाळी शटर वर केलं की आधी तो नऊ दिसतो. शाळांच्या सहली येतात आणि जाताना माझ्याकडून काळे चष्मे घेऊन जातात, म्हणजे घारीनं माझंही बरं केलं म्हणायचं.

आता मुद्दा. जूनमध्ये हवाई मेळा आहे. त्यात घार पुन्हा उडवणार आहेत. आणि दोन्ही बाजूंच्या गेलेल्या वैमानिकांच्या नातेवाइकांना बोलवायचं ठरवलंय. संग्रहालयाच्या बाई चांगल्या आहेत. त्यांना मी सांगितलं, माझा मावसभाऊ तिकडच्या हवाई दलात होता, लढाईत गेला. त्या म्हणाल्या, त्याच्या बहिणीला नक्की बोलवा.

ये ना अक्का. सीमा उघडून इतकी वर्षं झाली आणि आपण अजून पत्रांवरच भागवतोय. माझं लग्न होऊन मी इकडे आले, वर्षभरात लढाई लागली, दादा गेल्याचं मला सहा महिन्यांनी कळलं. त्याच्यासाठी दोघींनी एकत्र बसून रडायचं सुद्धा राहिलंय.

तुझी मनी


२० फेब्रुवारी

मने,

शेपटीवर नऊ आहे म्हणतेस. नीट बघून कळव. पिवळा आहे का? आणि काळ्या पट्ट्यावर आहे का?

तुला आम्ही सगळं सांगितलं नव्हतं. बाबांनी सक्त ताकीद दिली होती की मनीला कळवायचं नाही, तिला तिकडच्या माणसांत राहायचंय. बाबा आता नाहीत, तेव्हा ऐक.

दादा विमानात मेला नाही. तो उडी मारून बाहेर पडला होता. पॅराशूट उघडलं होतं. नदीवरच्या पुलाचं काम चाललं होतं तिथल्या मजुरांनी सगळं पाहिलं. त्याचं विमान लांब जाऊन पडलं. तो सावकाश खाली येत होता आणि मजूर त्याला धरायला धावत होते. तेवढ्यात ते दुसरं विमान वळून परत आलं आणि लटकणाऱ्या माणसावर गोळ्या झाडून गेलं. मजुरांचा मुकादम बाबांना भेटायला घरी आला होता. त्याला विमानांतलं काही कळत नव्हतं. पण आकडा कळत होता. काळ्या पट्ट्यावर पिवळा नऊ.

दादाची पेटी घेऊन आलेले लोक ती उघडू नका म्हणून सांगून गेले होते. मी उघडली. मी तेव्हा नुकतीच दवाखान्यात रक्त तपासायला लागले होते, मला वाटलं आपण बघू शकतो. दादाच्या अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती. चेहरा जसाच्या तसा. कमरेखाली मात्र काही बघण्यासारखं उरलं नव्हतं.

आता मला एवढंच कळव की तीन वैमानिकांपैकी त्या दिवशी कोण होता, आणि तो जिवंत आहे का.

मेळ्याचं नंतर बघू.

अक्का


६ मार्च

अक्का,

पिवळा आहे. काळ्या पट्ट्यावर आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दुपारीच दुकान बंद केलं. दुसऱ्या दिवशी तिकीट काढून आत गेले. तिथे एक फलक आहे, प्रत्येक चांदणीची तारीख आणि वैमानिक दिला आहे. दादाच्या तारखेला अकरावी चांदणी आहे. अकरा नंबरच्या चांदणीपाशी मी उभी राहिले तर एका सहलीचे मास्तर म्हणाले, बाई, जरा बाजूला होता का, मुलांना दिसत नाही.

तिघांपैकी पहिला लढाईतच दुसऱ्या विमानात गेला. दुसरा नंतर आजारानं गेला. अकरावी चांदणी तिसऱ्याची. तो जिवंत आहे. लपवून काय करू, तुला कुठूनही कळेलच. तो माझं गिऱ्हाईक आहे.

सगळे त्यांना कमांडर म्हणतात. सत्तरीला आलेत, काठीसारखे ताठ, बायको गेलेली, सुनेजवळ राहतात. दोन वर्षांपासून येतात. पहिल्या वेळी मी तक्ता वाचायला सांगितला तर शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला. मला आश्चर्य वाटलं, कारण दारातून येताना त्यांनी माझ्या खुर्चीलाच नमस्कार केला होता. मी तक्ता बदलला तर त्यांनी मघाचीच अक्षरं पुन्हा म्हणून दाखवली. पाठ करून आले होते, हा तक्ता सगळ्या दुकानांत तोच असतो. त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग आहे. कडेचं सगळं दिसतं, समोरचंच दिसत नाही. त्याला चष्मा नाही आणि औषधही नाही.

आणि यांना मेळ्यात घार स्वतः उडवायची आहे. एकट्यानं. त्यात दुसरी बसायची जागाच नसते. फ्लाइंग क्लबवर परवापर्यंत छोटी विमानं उडवत होते म्हणे, सवयीवर. मेळ्याच्या समितीनं फक्त डोळ्यांचा दाखला मागितलाय, आणि तो शहरातल्या कुठल्याही चष्मातज्ज्ञाचा चालतो. गेल्या आठवड्यापासून मागे लागलेत, तेवढी सही द्या. मी आज नको, उद्या या, असं करतेय.

अक्का, मुकादमाची चूक झाली असेल का गं? घाबरलेल्या माणसाला एक विमान दुसऱ्यासारखं दिसू शकतं. हे गृहस्थ माझ्या दुकानातल्या पोरीला रोज विचारतात, परीक्षा कशी गेली म्हणून.

मनी


१७ मार्च

मने,

चूक नाही. तारीख जुळली, आकडा जुळला, रंग जुळला. अजून काय हवंय तुला, दादानं येऊन साक्ष द्यायची?

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि मला हसू आलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा या विषयावर हसले. मी इथे डोक्यात काय काय करत बसले होते, विष, सुरी, रस्त्यात गाठून थोबाडात मारणं. मी रोज माणसांच्या नसा शोधते, मला काही अवघड नव्हतं. आणि तिकडे तो स्वतःच्या पायांनी तुझ्या दारात येतो आणि म्हणतो, सही द्या.

तर दे.

तुला काहीच करायचं नाही. त्याला हवं ते द्यायचं. तो वर जाईल, कौतुकानं टाळ्या वाजतील, आणि उतरताना समोरचं दिसणार नाही. विमानही जाईल आणि तोही. त्याच विमानात, त्याच जागेवर बसून. यापेक्षा सरळ न्याय मला सुचत नाही.

तुझ्यावर काही येणार नाही. म्हातारा तक्ता पाठ करून आला, तू फसलीस. कुणीही फसलं असतं.

उत्तर लवकर दे. मेळा जूनमध्ये आहे.

अक्का


२९ मार्च

अक्का,

नाही.

मी हे पत्र तीनदा लिहिलं आणि फाडलं, कारण प्रत्येक वेळी त्यात माफी मागितल्यासारखं होत होतं. मी माफी मागत नाही.

मेळा कुठे असतो ठाऊक आहे का तुला? विमानतळाच्या कुंपणाला लागून. गेल्या वर्षी लोक कुंपणावर चढून बसले होते. माझ्या दुकानातली पोर तिच्या भावंडांना घेऊन जाणार आहे. न दिसणारा माणूस विमान कुठे पाडेल हे तू तिकडून कसं ठरवणार? तो आपल्या सोयीनं रिकाम्या शेतात जाऊन पडेल?

आणि समजा पडला शेतात. तरी मी चष्मे करते. ज्याला दिसत नाही त्याला दिसतं असं मी लिहून देणार नाही. तुझ्यासाठीही नाही.

दादा माझाही होता. मावशी आजारी पडली होती त्या हिवाळ्यात माझ्या वेण्या कोण घालायचं? एक वर, एक खाली. वर्गात सगळे हसायचे आणि मी घरी येऊन सांगायची की सगळ्यांना आवडल्या, म्हणजे दुसऱ्या दिवशीही तोच घालेल. त्याचं काय झालं ते कळल्यापासून मला समोरचा नऊ सहन होत नाही. शटर मी आता उशिरा उघडते आणि पाठमोरी उभी राहून उघडते. पण सही नाही.

मनी


८ एप्रिल

चष्मेवाल्या बाईंस,

पत्र पोचलं. तुम्हाला तिकडच्या माणसांत राहायचं आहे हे बाबांनी बरोबर ओळखलं होतं. तुम्ही तिकडच्याच झालात.

त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा. पोरीच्या परीक्षेची चौकशी करतात, फार बरं वाटलं.

पुन्हा लिहू नये.


२ मे

अक्का,

लिहू नको म्हणालीस तरी लिहितेय. नाही वाचलंस तर नाही.

तुझं पत्र मला लागलं. लागावं म्हणूनच लिहिलं होतंस. चार दिवस मी तुझ्यावर चिडून होते. मग माझ्या लक्षात आलं की या भांडणात आपण दोघी एकमेकींना ओरबाडतोय आणि ज्यानं केलं त्याला अजून कुणी साधं विचारलेलं सुद्धा नाही.

म्हणून मी विचारायला सुरुवात केली. कमांडर तपासायला आले की मी म्हणायची, सांगा ना, पहिल्या चांदणीची गोष्ट. त्यांना तेवढंच हवं असतं. घरी कुणी ऐकत नाही. त्यांच्या सहा आहेत, दहापासून पंधरापर्यंत. पण आधी त्यांनी त्या दुसऱ्या दोघांच्याही सांगितल्या, आणि मी काचा बदलत बदलत ऐकल्या. अकरावीपर्यंत यायला दहा-बारा दिवस गेले.

परवा आले. तपासायच्या खोलीत दिवा घालवलेला, ते खुर्चीत, मी समोर. मी म्हटलं, आज अकरावी.

म्हणाले, "ती सोपी होती. मी एक गोळीसुद्धा झाडली नाही. त्याच्या मागे लागलो तेवढ्यात त्याचं इंजिनच बंद पडलं. पंखा थांबलेला स्वच्छ दिसला. त्यानं उडी टाकली."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. तो खाली उतरला असता तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विमानात बसून परत आला असता. मी वळलो."

मी काच बदलली. विचारलं, "ही बरी की मघाची?"

"मघाची," म्हणाले. आणि पुढे, "जवळून गेलो तेव्हा त्यानं हात वर केला होता. त्याला वाटलं असेल, मी ओळख दाखवायला आलोय. पडलेल्याला सलाम करून जायची पद्धत होती काही लोकांत."

हसले नाहीत. आवाजही बदलला नाही. जसं मी सांगते की अमक्याला डाव्या डोळ्याला नंबर जास्त आहे, तसं सांगितलं.

तू दादाचं लिहिलंस तेव्हा मला राग आला नव्हता, भीती वाटली होती. आता राग आलाय. दादानं हात वर केला, अक्का. मी दिवा लावला आणि पाहिलं तर माझ्या हातातल्या काचेवर बोटांचे ठसे उमटले होते. इतकी वर्षं काम करते, मी काच कधी मधून धरत नाही.

मी ठरवलंय काय करायचं ते. पत्रात लिहीत नाही. तू काही कळवू नकोस आणि मला अडवूही नकोस.

मनी


११ मे

मने,

हे पत्र मी स्पीड पोस्टानं पाठवतेय. मिळाल्या मिळाल्या वाच आणि सही करू नकोस.

ऐक माझं. मी तेव्हा रागात लिहिलं. कुंपणावर बसलेल्या लोकांचं तू लिहिलंस ना, ते मी वाचलं आणि बाजूला सारलं. मग परवा दवाखान्यात एक बाई नातीला घेऊन रक्त द्यायला आली. नात सहा-सात वर्षांची, जत्रेतला कागदी पंखा हातात. मला सुई टोचता येईना. मी दुसरीला बोलावलं. असं माझं कधी झालेलं नाही.

तू असल्या कामातली नाहीस. मी आहे. तुझा जीव जाईल, आधी लोकांपायी आणि मग दुकानापायी. त्या म्हाताऱ्यासाठी मला तुला गमवायचं नाही. त्यानं एक नेला तेवढा पुरे.

दादानं हात वर केला हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मजुरांना दिसलं नसेल, किंवा मुकादमानं बाबांना सांगायचं टाळलं असेल.

मी सीमा ओलांडायच्या परवान्यासाठी अर्ज केलाय. जूनमध्ये येते. मी येईपर्यंत काही करू नकोस. मागचं पत्र फाडून टाक, ते माझ्या तोंडी शोभत नाही.

तुझी अक्का


३० मे

प्रिय अक्का,

तुझं पत्र पोचलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. पण तू घाबरलीस तसं नाही. सही मी करणारच नव्हते.

आकड्यांची एक भानगड तुला सांगते, मला ती संग्रहालयाच्या बाईंनी समजावली. दोन विमानांनी मिळून एक पाडलं तर दोघांना अर्धा अर्धा विजय मिळतो. घारीचे पूर्ण पंधरा. दूर कुठल्यातरी देशातल्या संग्रहालयात दुसरं एक विमान आहे, त्याचे साडेचौदा. म्हणजे घारीची एक चांदणी गेली तर ती अर्ध्यानं मागे पडते. जगात पहिली ती पाटी गेली, पाहुणे गेले, सगळा डामडौल गेला. आणि कमांडरचं अख्खं आयुष्य त्या पाटीला टेकून उभं आहे.

पुढच्या वेळी ते आले तेव्हा मी सहज विचारलं, "इंजिन आपोआप बंद पडून पडलेलं विमान विजयात धरतात का?"

"धरत नाहीत."

"मग अकरावी कशी धरली?"

 मी म्हटलं, "समितीला खरं काय ते सांगून टाका. खोट्या चांदणीमागे बसून उडणार का तुम्ही? ते झालं की मग सहीचं बघू."

मी बघू म्हणाले, अक्का. देते म्हणाले नाही. शब्द तोलून वापरला.

आठवडाभर आले नाहीत. मला वाटलं पाखरू उडालं. पण त्या माणसाला वर जायची इतकी ओढ आहे की त्यापुढे पाटीसुद्धा फिकी पडली. आले, म्हणाले, सांगतो.

समितीची बैठक संग्रहालयातच होती, मी दुकानदार म्हणून निमंत्रित होते. कमांडर उभे राहिले आणि म्हणाले, अकरावी माझी धरू नका, ते विमान इंजिन बंद पडून कोसळलं. त्यांना वाटलं एवढ्यावर भागेल, प्रामाणिक म्हणून वाहवाही होईल. एकजण टाळी वाजवायलाच निघाला होता. तेवढ्यात संग्रहालयाच्या बाईंनी विचारलं, "आणि तो वैमानिक? फलकावर तर तो ठार झाला असं आहे. इंजिन बंद पडलं तर ठार कसा झाला?"

हे मी बाईंना शिकवलं नव्हतं. त्यांनी आपणहून विचारलं. तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी कमांडरनी सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच. फक्त या वेळी खोलीत दिवे लागलेले होते आणि समोर चौदा-पंधरा माणसं होती.  चहाचे कप तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्यानं अकरावी चांदणी खरवडून काढली. मी दुकानातून पाहिलं. पाटी संध्याकाळी उतरवली.

त्यानंतर ते सहीसाठी आले. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि मधे ठिपका असलेला चौकटींचा कागद समोर धरला. म्हटलं, "मधे काय दिसतं?"

बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "काही नाही."

मी म्हटलं, "मग मी तेच लिहिते." आणि लिहिलं. मोठ्या अक्षरांत, वाचूनही दाखवलं. समितीला पाठवलं. त्यांचा क्लबमध्ये उडवायचा परवानाही त्यावरून रद्द झाला. मग सांगितलं की अकरावी चांदणी म्हणजे माझा मावसभाऊ, आम्ही एका घरात वाढलो.

ते उठले आणि टोपी शोधायला लागले. टोपी टेबलावर त्यांच्या समोर होती, अगदी सरळ समोर, म्हणून त्यांना दिसेना. हात टेबलभर फिरत होता. एरवी मी पहिल्यांदा उठून दिली असती.

मी दिली नाही. बसून बघत राहिले. सापडायला खूप वेळ लागला.

मेळ्यात घार जमिनीवरच उभी राहणार आहे. तू ये. तुला उतरवून घ्यायला येते मी.

तुझी मनी


२१ जून

प्रिय मने,

सुखरूप पोचले. तू दिलेली शाल गाडीत उपयोगी पडली. तुझ्या दुकानातल्या पोरीला सांग, काळा चष्मा घालून मी दवाखान्यात गेले तर कुणी ओळखलं नाही.

तुझ्याकडचे चार दिवस छान गेले, ते तुला तोंडानं सांगितलं आहे. संग्रहालयात मी त्या खरवडलेल्या जागेवर हात ठेवला तेव्हा तू बाजूला झालीस, ते बरं केलंस. दोघींनी एकदाचं रडूनही घेतलं. आता जे सांगितलं नाही ते सांगते. निघायच्या दिवशी सकाळी मी पाय मोकळे करून येते म्हणाले आणि तुझ्या पोरीकडून पत्ता घेऊन कमांडरच्या घरी गेले.

काय करायला गेले ते मलाही ठाऊक नव्हतं. खिशात काही नव्हतं, एवढं तुझ्या समाधानासाठी सांगते.

तो पुढच्या व्हरांड्यात बसला होता, मांडीवर वर्तमानपत्र. उलटं नव्हतं, पण वाचतही नव्हता. मी फाटक उघडून म्हटलं, "आहात का घरी?" तर म्हणाला, "आलात? अजून काही लिहायचं राहिलं का माझ्याबद्दल?" माझ्या लक्षात आलं, त्याला तू आलीस असं वाटलं. आपल्या दोघींचा आवाज सारखा, मावशांनासुद्धा फोनवर कळायचं नाही. मी दुरुस्त केलं नाही.

म्हणाला, "आलाच आहात तर हे वाचून दाखवा. सून वाचते, पण मधलं मधलं गाळते. माझी दया येते तिला. तुम्हाला येणार नाही."

मी बाकावर बसले आणि वाचलं. घार आता दुसऱ्या क्रमांकावर, पहिला मान साडेचौदा विजय मिळवणाऱ्या अमक्या विमानाला. पुढे सगळं होतं. इंजिन बंद पडल्याचं, पॅराशूटचं, गोळ्यांचं. हात वर केल्याचंही छापलं होतं. मी एक शब्द गाळला नाही. घाईही केली नाही.

शेवटी दादाचं नाव होतं. पूर्ण, आडनावासकट. तेही वाचलं.

तो म्हणाला, "हे नाव मला माहीत नव्हतं."

मी म्हटलं, "आता म्हणा."

त्यानं म्हटलं. चुकीचं म्हटलं. आमच्या आडनावातला ळ तिकडच्या लोकांना जमत नाही, तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, "असं नाही." आणि बरोबर म्हणून दाखवलं. त्यानं पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. मी पुन्हा म्हणायला लावलं. किती वेळा ते मोजलं नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता. बिनचूक म्हणेपर्यंत मी सोडलं नाही, मने. त्याला त्रास होत होता आणि मला तो हवा होता.

मग तो थोडा वेळ माझ्या बाजूला तोंड करून बसला. सरळ नाही, मान तिरकी करून, कडेनं बघायला. म्हणाला, "तुम्ही चष्म्याच्या दुकानातल्या नाहीत."

मी म्हटलं, "नाही. मी सख्खी बहीण."

तो उठून उभा राहिला. त्याला काही बोलायचं होतं. मी थांबले नाही. जे काही असेल ते ऐकायची माझी इच्छा नव्हती, ते त्याच्याजवळच राहू दे. फाटक लावून घेतलं.

बरं वाटलं का, असं विचारशील. वाटलं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू. तू त्याला टोपी दिली नाहीस तेव्हा तुला वाटलं असेल तसंच.

फक्त एक आहे. गल्लीच्या टोकाला वळताना मागून आवाज आला म्हणून मी थांबले. तो अजून व्हरांड्यात उभा होता आणि दादाचं नाव म्हणत होता. समोर कुणी नव्हतं. एकदा चुकला, थांबला, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं आणि ळ बरोबर आणला.

तेवढं मी मागितलं नव्हतं.

तुझी अक्का